यंदाचं सुतक

आई, यंदा महालक्ष्म्या बसवल्या नाहीत. मुखवटे कपाटातच आहेत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले. रझाकारांच्या दिवसांत हेच मुखवटे तू ज्वारीच्या कणगीत दडवले होतेस आणि त्या वर्षीही भिंतीवर हळदीची बोटं ओढून का होईना, सण केला होतास, हे तू मला किती वेळा ऐकवलंस. शेवटच्या आजारपणातसुद्धा तुझं एकच पालुपद. "खंड पडू देऊ नको बाई. घरात सुतक असलं तर गोष्ट येगळी." खरं तर मुखवटे दादाकडे जायचे, पण पुण्याच्या घरात जागा नाही म्हणून वहिनींनी हात वर केले. बिनलग्नाच्या बाईनं महालक्ष्म्या बसवू नयेत असं म्हणणारी आत्या तोवर गेलेली होती, तेव्हा बोलायला कोणी उरलं नाही आणि त्या माझ्याकडे आल्या त्या माझ्याकडेच राहिल्या.

गुलमंडीच्या मागच्या आपल्या दोन खोल्या आठवतात. तू सुपात मुखवटा घेऊन उंबऱ्याबाहेर उभी आहेस, मी आत. दारापासून आतल्या खोलीपर्यंत रांगोळीची पावलं. मी विचारायचं, "लक्ष्मी कशाच्या पावलानं आली?" आणि तू म्हणायचं, "सोन्याच्या पावलानं आली." एका वर्षी पावसानं बोळात राडा झालेला, तुझे पाय घोट्यापर्यंत भरलेले. मी विचारलं आणि तू तोंड उघडायच्या आत मीच ओरडले, "चिखलाच्या!" हातात लक्ष्मी होती म्हणून माझा मार वाचला. "जिभंला काही हाड हाय का तुझ्या?" एवढंच म्हणालीस आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारायला लावलंस. तिसऱ्या दिवशी फुलोरा उतरवला तेव्हा पहिली करंजी मात्र माझ्याच हातावर ठेवलीस.

हा सण एकटीनं करायचा नाहीच मुळी, हे मला फार उशिरा कळलं. विचारायला एक माणूस लागतं आणि उत्तराला एक. दादा होता तोवर मी फोन स्पीकरवर टाकून उंबऱ्याच्या आत ठेवायची. तो पुण्याहून विचारायचा, मी बाहेरून उत्तर द्यायची, आणि मध्येच आवाज तुटला की आम्ही दोघं म्हातारी हसत सुटायचो. तो गेल्यावर दोन्ही बाजूंनी मीच बोलू लागले, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात. सोळा भाज्या आणायला शहागंजात जाते तर भाजीवाले चाचा म्हणतात, "एक भेंडी, एक दोडका, इत्ते में किसका पेट भरता अम्मा?" माझं भरतं, काय सांगणार त्यांना. गेल्या वर्षी सवाष्ण म्हणून सांगितलेली बाई आधीच दोन घरी जेवून आली होती. तिनं पुरणपोळीचा कोपरा मोडला आणि हात धुतले. उरलेलं पुरण मी कितीतरी दिवस एकटीच खात बसले आणि शेवटी गाईपुढे टाकलं. एवढा खटाटोप करून लक्ष्मी या घरात येते कशाला आणि इथं येऊन बघते काय, असं वाटायला लागलं. देवावर राग नाही, आई. मनच विटलंय, आणि ते परत ताळ्यावर येईल असं मला वाटत नाही.

तर यंदा आदल्या दिवशी समोरच्या घरातली सून जिन्यात भेटली. बिडकीनकडची आहे, नवरा कंपनीत जातो. तोंडानं फटकळ, पण पोर मनानं चांगली.

"ताई, उद्या महालक्ष्म्या अन् तुमच्या दाराला तोरण नाय?"

"सुतक आहे," मी म्हणाले. तुझ्या नियमात तेवढी एकच पळवाट होती.

"आगं माय! कोन वारलं?"

इतका पुढचा विचार मी केलाच नव्हता. तोंडातून निघून गेलं, "आई."

"आई व्हत्या व्हय अजून? कधी बोलल्या नाय तुमी. लई वय झालं आसंल."

"झालं होतं," मी म्हणाले. तू गेलीस तेव्हा आत्ताच्या माझ्याहून कितीतरी लहान होतीस.

जेवणाच्या दिवशी तिच्या घरी पाहुण्यांच्या पंगती उठत होत्या, आणि ती माझ्यासाठी झाकून पिठलं-भाकरी घेऊन आली. सुतकाच्या घरी शेजारचे आणतात तशी. तिच्याकडे लक्ष्म्या उभ्या, तेव्हा दारातूनच देईल असं वाटलं होतं. पण ती सरळ आत आली आणि फरशीवर मांडी घालून बसली. "परत आंघूळ करीन, काय हुतंय," म्हणाली. मग तिनं विचारलं, "कशा व्हत्या वो आई?"

मला कोणी हे विचारलंच नव्हतं कधी. मी सांगत सुटले. तू चोरून मिश्री लावायचीस ते, दूधवाल्याशी रोज भांडून त्यालाच चहा पाजायचीस ते, पुरण वाटताना तोंडानं हिशेब पुटपुटायचीस ते. सांगता सांगता रडू फुटलं. तू खरोखर गेलीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आल्यागेल्याचा चहा करता करता माझं रडायचं राहूनच गेलं होतं. या वेळी पोटभर रडले आणि तीही डोळे पुसत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पिठल्यात मीठ जरा जास्त होतं. मी ताट पुसून खाल्लं.

दादा कधीच गेलेला तिला ठाऊक होतं, म्हणून दहावा गावी पुतण्या करतोय अशी आणखी एक थाप मारली. सुतक फिटेपर्यंत ती रोज येऊन बसायची. शेवटच्या दिवशी म्हणाली, "आता देवापुढं दिवा लावा ताई," आणि ताटली घेऊन गेली. आता जिन्यात भेटली की "बरं हाय ना?" विचारते आणि घाईनं खाली उतरते. तिला तिचा संसार आहे, तिची काय चूक.

हे पत्र टाकायचं नाही. तुझा पत्ता असता तरी मी टाकलं नसतं. खंड पडला त्याची माफी मागायचीही ताकद नाही. फक्त कबूल करते, की तुझ्या सुतकाचे ते दिवस मला सणासारखे गेले. पुढच्या वर्षी ती पुन्हा तोरणाचं विचारील, आणि तिला सांगायला माझ्याकडे आता मेलेलं माणूससुद्धा शिल्लक नाही.