बाबा दुकानात झोपलेत

आई,

बाबा घरी दिसले नाहीत म्हणून घाबरू नकोस. ते मी काम करतो त्या गाद्यांच्या दुकानात झोपलेत. मी फक्त त्यांची बीपीची गोळी न्यायला आलो होतो.

सुट्टीभर लोळणाऱ्या पोराला लोळायचा पगार कोण देतं, हे बघायला ते दुपारी आले. आठवडाभर करतोय तसं मी गिऱ्हाइकाला गादीवर पडून दाखवत होतो, आणि पंख्याकडे बघत पुढच्या आयुष्याचा विचारही चालू होता. बाबा म्हणाले, "ऊठ, असं झोपतात होय?" आणि स्वतःच आडवे झाले. गिऱ्हाईक पिशवी उचलेपर्यंत घोरायला लागले.

मी उठवायला गेलो, तर मालकांनी माझा हात धरला. घोरणं ऐकून रस्त्यावरची माणसं आत येतायत आणि ती कुठली गादी म्हणून विचारतायत.

त्यांची कंपनी बंद पडल्यापासून ते इतके गाढ झोपलेले तू तरी पाहिलेस का? म्हणून मीही उठवलं नाही.

मालक म्हणतायत, उद्याही येऊ देत. तू त्यांना झोपायला बोलावलंय असं सांगू नकोस, कामावर बोलावलंय म्हण. ऑफिसचा शर्ट मी इस्त्रीला टाकलाय.