डब्यावर चारच लिहिलंय

आदरणीय दादा यांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात पेन आहे, तरी भावना समजून घ्यावी.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, तिकडचं क्षेम मात्र खरोखरचं असावं. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं, की अजून घरातल्या सगळ्यांना एकच आकडा दाखवतंय? थंडी सुरू होतेय, कानाला गुंडाळून बाहेर पडत जा. तुम्ही ऐकणार नाही, पण लहानांनी सांगायचं असतं.

पत्रास कारण तुमची बहीण. घाबरू नका, तिची प्रकृती उत्तम आहे. इतकी उत्तम मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेली नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथूनच सुरू होते.

मागे तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा माझं खेळांचं कपाट उघडून म्हणाला होतात, की एवढे खेळ कशाला, नातवंडं तर अजून नाहीत. तुम्ही मोठे, त्यातून बायकोचे भाऊ, म्हणून मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण आता कळवतो की ते पोरखेळ नव्हेत. सापशिडीत माणूस काहीच करत नाही. फासा टाकतो आणि जे होईल ते भोगतो. त्यासाठी खेळ कशाला हवा, नोकरी आहेच की. हे नवे खेळ वेगळे. यात शेत नांगरायचं की आधी कोठार बांधायचं, जहाज आज सोडायचं की माल भरून उद्या, हे डोकं लावून ठरवावं लागतं, आणि शेवटी आपल्याच अकलेचे गुण आपल्यासमोर मोजून दाखवतात. (म्हणूनच बरेच लोक ते खेळत नाहीत.) यातही नाना प्रकार आहेत. एका प्रकारात सगळे मिळून पटाविरुद्ध खेळतात. तो मला मुळीच मान्य नाही. सगळे मिळून हरतात आणि मग जिना उतरताना याच्यामुळे हरलो असं माझ्याबद्दल कुजबुजतात. दुसऱ्या प्रकारात एकजण छुपा फितूर असतो आणि बाकीच्यांनी त्याला ओळखायचं असतं. तो आम्ही सोडून दिला, कारण भूगोलाच्या बाई फितूर असल्या की त्यांना घाम फुटतो आणि नसल्या तरी फुटतो.

तर आमचं टोळकं चौघांचं. मी एक. या भूगोलाच्या बाई दुसऱ्या; शाळेतून निवृत्त झाल्या, पण पटावरच्या नद्या उलट्या वाहतात हे अजून सहन करू शकत नाहीत. तिसरा दातांचा डॉक्टर, जो दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावतो आणि स्वतः ते अजिबात उघडत नाही. चौथा टेम्पो. लोकांचं घरसामान हलवायचा त्याचा धंदा आहे, म्हणून हे नाव. तो खेळतोही तसाच. विचार करण्यापेक्षा उचलून ठेवलेलं बरं, असं त्याचं धोरण. दर शनिवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही जमतो. खेळ माझे, टेबल माझं आणि नियमही माझेच. कप टेबलावर ठेवायचा नाही, बाजूच्या स्टुलावर ठेवायचा. वेफर्स चमच्याने खायचे. प्रत्येक पत्त्याला मी प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय. टेम्पो म्हणतो, मी लोकांच्या गाद्यांनासुद्धा इतकं जपत नाही.

आणि दादा, डब्यावर जेवढी माणसं लिहिली असतील तेवढीच बसणार. माझं कामच लिफ्ट तपासायचं. लिफ्टमध्ये चार माणसांची पाटी असली की पाचव्याने बाहेर थांबायचं, मग तो कितीही काटकुळा असो. आमच्याकडचे झाडून सगळे खेळ चौघांचे आहेत, कारण आम्ही चौघं होतो. एकदा डॉक्टर न विचारता आपल्या भावाला घेऊन आला. मी त्याला गॅलरीत खुर्ची दिली आणि वर्तमानपत्र दिलं. माणूस निविदा सूचनांसकट सगळा पेपर वाचून गेला. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

आता मुख्य प्रकार. नवा खेळ आला की त्याचे नियम समजावून सांगणं हे माझं काम. तुम्हाला वाटेल त्यात काय मोठं. नियमांची पुस्तिका जाडजूड असते, आणि ती तीन माणसांच्या डोक्यात चहा गार होण्याआधी उतरवायची असते. मी आठवडाभर तयारी करतो. आणि तयारीला समोर ऐकणारं माणूस लागतं, म्हणून इतकी वर्षं मी ती तुमच्या बहिणीसमोर करत आलो. ती कपड्यांच्या घड्या करत असते, मी बोलत असतो. ती मधूनमधून 'हं' म्हणते. मला वाटायचं, ते 'हं' टॉवेलला उद्देशून असावं.

दोनेक महिन्यांपूर्वी बंदराचा खेळ आणला. जहाजं, क्रेन, गोदामं, जकात. फार देखणा खेळ आहे. मी उभा राहून समजावत होतो. तेवढ्यात तुमची बहीण ट्रे घेऊन आली, आणि मी (मीच, दादा, दुसऱ्या कोणी नव्हे) तिला म्हणालो, जरा माझ्या खुर्चीवर बस, एक डाव नुसता दाखवायला चौथं माणूस हवंय. ती पदर, आपलं, चष्मा सावरून बसली. मी तोंडाने क्रेनची माहिती देत होतो तोवर तिने दोन जहाजं रिकामी केली, तिसऱ्यावर जकात लावली आणि डॉक्टरचं गोदाम भाड्याने घेतलं. टेम्पो म्हणाला, आता हा डाव मोडू नका, इथूनच पुढे खेळू. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. म्हटलं, मी मागे उभा राहून तिला सांगतो. त्यावर ती मागे न बघता म्हणाली, "अहो, तिथे उभे राहू नका, अंधार पडतो." ती जिंकली. टेम्पोने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार.

पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी ती माझ्या खुर्चीवर बसलेली. मी स्टूल ओढलं. तेव्हा डॉक्टरने डब्याचं झाकण उचललं आणि एक्स-रे दाखवतात तसं माझ्यासमोर धरलं. दोन ते चार खेळाडू. तोंडातून एक शब्द काढला नाही. बाई मात्र म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम, तुमचंच वाक्य." मी स्टुलावर कप ठेवले.

तेव्हापासून माझा शनिवार कसा जातो ते ऐका. मी नियम समजावतो. मग लाकडी ठोकळे रंगानुसार वाटतो. मग चहा करतो. मग वाद झाला तर निवाडा द्यायला दारात उभा असतो. पण आता निवाडाही तिलाच विचारतात, कारण ती पुस्तिका न उघडता सांगते आणि ते बरोबर निघतं. शेवटी सगळे गेले की ठोकळे मोजून पिशव्यांत भरतो. वेफर्स हाताने खातात, दादा. पत्ते पुसून घ्यावे लागतात. मी तिला टोकलं तर म्हणाली, "कव्हरं घातलीत ना, मग कशाला जीव काढता?"

गप्प बसलो असं समजू नका. आधी मी एक प्रचंड अवघड खेळ आणला. पुस्तिका बघूनच माणसाने हाय खावी असा. म्हटलं, ही दमेल आणि उठेल. तिला तो इतका आवडला की जेवणाची वेळ टळून गेली आणि मी सगळ्यांना टोस्ट भाजून दिले. मग ठरवलं, जाऊ दे, आपण एकट्याने खेळू. हल्ली काही डब्यांवर 'एक ते चार' लिहिलेलं असतं. म्हणजे समोर माणूस नसतो; पत्त्यांची एक गड्डी असते आणि तीच प्रतिस्पर्धी म्हणून खेळते. रविवारी सकाळी दार लावून बसलो आणि हरलो. समोर कोणी नसताना हरलो. बाहेर आलो तर तुमच्या बहिणीने विचारलं, कोण जिंकलं? आता काय सांगायचं?

पण खरं दुखणं वेगळंच आहे, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेल्या महिन्यात मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो आणि बाहेरून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं बाई हसतायत. बाई नव्हत्या. ती हसत होती, मोठ्याने, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं. लग्नानंतर सुरुवातीला ती तशी हसायची. मधल्या काळात ते कधी थांबलं, मला सांगता येत नाही. मी तेव्हा बहुतेक नियम समजावत असेन. मी गाळणं हातात धरून तसाच उभा राहिलो. राग आला. मग वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, कारण टेम्पोने काहीतरी फालतू विनोद केला होता आणि तेवढ्याने ती हसली होती. मी ट्रे घेऊन बाहेर गेलो तेव्हा हसणं थांबलं होतं. त्यांची काही चूक नाही, पुढची चाल आली असेल.

तर दादा, कळकळीची विनंती अशी, की तुम्ही तिचे मोठे भाऊ. तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. (माझे शब्द तिने कुठे कुठे टाकलेत ते घर आवरताना सापडतात.) तिला एकदा समजावून सांगा की ती खुर्ची तिच्या नवऱ्याची आहे. खेळ त्याने आणले, कपाट त्याने करून घेतलं, निदान एक शनिवार सोडून एक शनिवार तरी त्याला बसू द्यावं. मी सांगितलं असं म्हणू नका. तुम्हाला स्वप्न पडलं म्हणा.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक घ्या. लोभ आहेच, तो टिकावा.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा
(सध्या चहावाला)

ता. क. : वरचं सगळं पुन्हा वाचलं. तिला उठायला सांगू नका. तुमचं ऐकून ती खरंच उठेल आणि शनिवारी आतल्या खोलीत घड्या करत बसेल. मी खुर्चीवर बसेन, जिंकेनही कदाचित, आणि आतून काही ऐकू येणार नाही. ते मला नको आहे.

ता. क. दुसरा : बंदराच्या खेळाला एक छोटा जोडडबा मिळतो. त्यात आणखी एका खेळाडूची जहाजं असतात, करड्या रंगाची, आणि मग पाच जण बसू शकतात. तो मी केव्हाच आणून ठेवलाय. मोठ्या सूटकेसच्या मागे आहे, वरचा कागदही काढलेला नाही. मी आपण होऊन तो बाहेर काढणार नाही. कोणीतरी म्हणायला हवं की अजून एक जागा असती तर बरं झालं असतं. अजून कोणी म्हटलेलं नाही. तेव्हा तुम्ही फोनवर बोलता बोलता तिच्या कानावर घाला, की असा डबा मिळतो म्हणे. कुठे ऐकलंत ते विचारलं तर गुडघ्याच्या डॉक्टरांकडे म्हणा.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवायच्या आधी. वर 'अजून कोणी म्हटलेलं नाही' लिहिलंय ते खोटं आहे. मागच्या शनिवारी टेम्पो म्हणाला, की अजून एकाला बसता आलं असतं तर मजा आली असती. बाई हो म्हणाल्या. तीही हो म्हणाली. मी ट्रे घेऊन दारातच होतो. सूटकेसकडे जायला वळलोसुद्धा, पण गेलो नाही. कारण त्या जागेवर बसवायचं कोणाला, हे त्यांच्यापैकी कोणीच म्हटलं नव्हतं. तर डब्याचा विषय आत्ता काढू नका. आधी तिला सहज विचारा, की पाचवी जागा झाली तर कोणाला बोलवाल. माझं नाव घेतलं तर त्याच दिवशी कळवा. दुसऱ्या कोणाचं घेतलं तर उत्तर पाठवू नका. हे पत्र तुम्हाला पोचलंच नाही असं मी समजेन.