चाळीसपैकी अडतीस

४ मार्च, मंगळवार

बायकोने शेवटी अर्ज आणायला लावलाच! फौजेतून सुटून बावीस वर्षं झाली. कान तोफांनी त्याच्याही आधी नेले. इतकी वर्षं हिने चकार शब्द काढला नाही. गेल्या महिन्यात बाजारात पाय घसरून मनगट मोडून घेतलं आणि तेव्हापासून एकच टुमणं — 'अहो, कानांचा दावा करा. पेन्शन वाढेल, कानाचं मशीन मिळेल.' पडली ही, अर्ज माझा!

तशी कमालच केली होती त्या दिवशी. भाजीला म्हणून गेली, आली ती प्लास्टर घालून, पिशवी रिकामी. म्हटलं, प्लास्टर आणलंस, भाजी विसरलीस! हसली नाही. विनोद चांगला होता.

अर्जावर ठळक अक्षरांत 'अपंगत्व'. मी? रोज चार किलोमीटर चालणारा माणूस? पेन खाली ठेवलं. हिने उचलून परत हातात दिलं.

५ मार्च

सकाळी ही म्हणाली, 'चावी घेतलीत का?' मी म्हटलं, 'नको, चहा आत्ताच झाला.' कपाळावर हात मारून आत गेली. डावा हात. उजवा अजून गळ्यात.

११ मार्च, मंगळवार

आज तपासणी. खिडकीवरच्या कारकुनाला अशी झुपकेदार मिशी की ओठच दिसेनात. त्यात मान खाली घालून बोलतो. त्याने काहीतरी विचारलं, मी गावाचं नाव सांगितलं. त्याने वर पाहिलं. म्हणे, 'कान कोणता, कान?' मागची रांग हसली. मीही हसलो, काय करणार!

मग काचेची खोली. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक पोरगी, समोर तिचं यंत्र. सुरुवातीला काहीच ऐकू येईना. घाम फुटला. आणि मग दिसलं — आवाज सोडताना पोरीचा उजवा खांदा कणभर वर जातो!

फौजेत असताना समोरच्या डोंगरावर शत्रूच्या तोफेचा भडका दिसला की आम्ही मोजायला लागायचो. एक, दोन, तीन... मग आवाज. भडका आधी, आवाज नंतर. सगळी नोकरी डोळ्यांवर केली. इथेही तेच. खांदा वर — बटण! खांदा वर — बटण!

चाळीसपैकी अडतीस! पोरगी म्हणाली, 'काका, कान अगदी तरुण आहेत तुमचे.' छाती दोन इंच फुगली. नंतर डॉक्टरांनी विचारलं, 'काही त्रास?' ते फौजेतलेच, बसण्यावरून कळतं. टाचा आपोआप जुळल्या. 'काही नाही, सर! एकदम फिट, सर!' त्यांनी ते लिहूनही घेतलं.

घरी येऊन हिला ऐटीत सांगितलं. ही खुर्चीवर बसली.

'अहो, तुम्ही पास व्हायला गेला होतात की नापास व्हायला?'

अरेच्चा.

२ एप्रिल

पत्र आलं. 'श्रवणशक्ती वयाच्या मानाने उत्तम. अर्जदाराची स्वतःची काही तक्रार नाही. दावा नामंजूर.' ही दिवसभर बोलली नाही. बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

३ एप्रिल

बोलली! आणि काय बोलली! शेजारीही सावध झाले असतील.

मी म्हटलं, लबाडी नव्हती, सवय आहे. ती म्हणाली, 'सवय नाही, मिजास आहे.' असेलही. अपंग म्हणून सही करायची लाज वाटते, खोटं कशाला बोलू? माझ्या तोफेवरचे दोघे परत आले नाहीत. मी दोन कान देऊन घरी आलो आणि आता भरपाई मागायची?

हे मोठ्याने म्हणालो नाही. ही मात्र हळू आवाजात म्हणाली — ओठांवरून कळलं — 'मी हाक मारली की मला उत्तर हवंय.'

९ एप्रिल

फेरतपासणीचा अर्ज दिला. मिशीवाला आज जपून, मान वर करून बोलला. एकच संधी. यातही पास झालो तर फाईल कायमची बंद.

या वेळी सोबत राहणाऱ्या माणसाचं निवेदनही लागतं. हिचं प्लास्टर निघालंय, पण मनगट नीट वळत नाही. तरी दुपारभर बसून स्वतःच्या हाताने लिहिलं. मला बघू दिलं नाही. पाकीट खळीने चिकटवलं. म्हटलं, एवढी काय तक्रार लिहिलीस माझी? म्हणे, 'सरकारी काम आहे, तुम्ही मध्ये पडू नका.'

दुसऱ्याचं पत्र मी जन्मात फोडलेलं नाही. आताही नाही.

२१ एप्रिल, सोमवार

उद्या तपासणी. ही पोळ्या लाटताना चारदा म्हणाली, 'खरं ते सांगा.' सांगेन गं! पण डोळ्यांना कोण सांगणार? समोर खांदा हलला की अंगठा दाबलाच जातो. रस्त्यावर नजर ठेवून चालायची सवय केली आठवडाभर. एका खांबाला आपटलो.

काहीही झालं तरी आत रडकं तोंड करायचं नाही, हे पक्कं.

२२ एप्रिल

मिशीवाल्याने पाकीट फोडलं, कागद फाईलला लावला आणि फाईल माझ्याच हातात दिली — 'काचेच्या खोलीत द्या.' वरचाच कागद. तिचं वाकडंतिकडं अक्षर.

'फेब्रुवारीत मी घरी बाथरूममध्ये पडले. वीस मिनिटं हाका मारल्या. हे भिंतीपलीकडे शब्दकोडं सोडवत होते. मग स्वतःच उठून डॉक्टरकडे गेले. त्यांना बाजारात पडले असं सांगितलं आहे. कृपया त्यांना कळू देऊ नये.'

खोलीत गेलो. हेडफोन चढवला. डोळे घट्ट मिटले. खांद्यावर हात पडला तेव्हा कळलं, तपासणी संपली.

'चाळीसपैकी सहा, काका.'

घरी आलो. तिला म्हटलं, 'मनगट दाखव.'