थाळीतले दोन ठिपके

गुरुवार, संध्याकाळ. विकास नगर.

कांबळेकाकांच्या पायाच्या जखमेतल्या जंतूंवर आता आपला विषाणूही चालत नाही. आज लॅबमध्ये नक्की कळलं. औषधं आधीच हरली होती, म्हणून जंतूंना मारणारा हा विषाणू मी नाल्याच्या पाण्यातून शोधला. काचेच्या थाळीत त्याने जंतूंच्या थरात स्वच्छ गोल पाडला, तेव्हा खुशीत मीच काकांना फोन केला होता.

पण त्या गोलात दोन ठिपके होते. बारीक, पांढरे. मी ती बाहेरची घाण समजले आणि वहीत लिहिलंच नाही. समजले, की समजायचं ठरवलं? ते विषाणूला पुरून उरलेले जंतू होते. आज सगळी थाळी त्यांचीच आहे.

वॉर्डात जाऊन काकांना सांगितलं, ठिपक्यांसकट.

"अच्छा, म्हणजे तुझा पहलवान चित झाला! दुसरा आण ना."

"काका, जंतू बदलतो, मग विषाणूही बदलतो. नाल्यात हे रोज चालतं. या बदललेल्या जंतूला हरवणारा विषाणू असेल तिथे. पण शोधायला वेळ लागेल."

"आणि डॉक्टर सोमवारी पाय कापायचं म्हणतात. हाँ?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी चादर पायावर ओढून घेतली.

ठिपके तेव्हाच नोंदले असते तर दहा दिवस हाताशी असते. उद्या नाल्यावर जायचं आहेच. परत लॅबमध्ये जाऊन वहीच्या जुन्या पानावर 'दोन ठिपके' लिहिलं, पुढे आजची तारीख घातली. आधी हात मागची तारीख घालायला गेला होता.