खिंडीच्या ओढ्याचं वळण

सागदरा, ता. भोकरदन
३ मे २०२४

चि. सौ. दैवशाला हिस मच्छिंद्रदादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवणे.

हे पत्र अण्णांच्याच हाती देतोय. तुला फोन करायचा नाही अशी त्यांची ताकीद आहे. लेकीच्या दारात अचानक उभं राहायचं असतं म्हणे. दिसत जवळजवळ काही नाही, तरी दरवर्षीसारखं कोरड्या ओढ्यातूनच येणार. मोटारसायकलवर सोडतो म्हणालो, तर म्हणाले, मला काय वाट इचारावी लागती का? खिंडीतल्या उंबराखालून निघायचं, खडक उतरायचा, गायरानाच्या कडेनं आपल्या खालच्या रानात यायचं, तिथं डावीकडं मोठं वळण, मंग दुसरा ओहोळ मिळाला की पिंपळगाव. काठीला दोन्हीकडची दरड लागत राहिली की ते बिलकुल चुकत नाहीत.

एक बातमी फक्त तुला. खालच्या रानातलं ते वळण मी मशीन लावून बुजवलं. अर्धा एकर रान निघालं. ओढा बांधाच्या कडेनं सरळ काढून नव्या शेततळ्यात सोडलाय. प्लास्टिकचा कागद अंथरून झालाय, आता पावसाची वाट. अण्णांना सांगितलेलं नाही, शिव्या बसतील. तू चार दिवस खाऊपिऊ घालून त्यांना मऊ कर, मग मी येऊन सांगतो. दाजींना नमस्कार. भावावरचा लोभ पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
मच्छिंद्रदादा


पिंपळगाव रेणुकाई
२२ मे २०२४

ती. दादास शि. सा. न. खुशाली लिहीत नाही.

तेराव्याला पाहुण्यांसमोर विचारवलं नाही, म्हणून लिहिते. तुझं पत्र मिळालं. पंचनाम्यानंतर पोलिसांनी अण्णांच्या बंडीच्या खिशातून काढून दिलं होतं, ते आज उघडलं. जे त्यांना सांगायचं ते तू मला लिहिलंस, आणि तोच कागद खिशात घेऊन ते तू सरळ काढलेल्या ओढ्याच्या चारीनं चालत त्या रिकाम्या शेततळ्यात घसरले. प्लास्टिकवरून वर चढता येईना. तू दोन दिवस राजूरला लग्नात. तुला वाटलं ते माझ्याकडे पोचले, आणि ते निघाल्याचं मला माहीतच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जीव असावा. त्या उन्हात त्यांनी किती हाका मारल्या असतील, या विचारानं मला घास उतरत नाही. का सांगितलं नाहीस त्यांना?

दैवशाला


सागदरा
६ जून २०२४

चि. सौ. दैवशाला हिस आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. छप्पन्न वर्षांचा माणूस बापाच्या शिव्यांना भ्यालो, दुसरं कारण नाही. मशीन चालू असताना पाणी कुठून जाईल एवढंच बघितलं. अण्णा कुठून जातील हे मनातसुद्धा आलं नाही. मला माफ कर असं लिहायलाही तोंड नाही.

परवा शेततळं बुजवलं. ओढा पहिल्यासारखा करायला मशीनही बोलावलं. ड्रायव्हरनं विचारलं, कुठून वळवू? मला सांगता येईना. रान सपाट झालंय. ओढा जांभळीपाशी वळायचा की अलीकडं, आठवत नाही, आणि ते झाड मीच तोडलं. गावच्या नकाशावर नुसती एक रेघ आहे. गावातला जो तो वेगळीकडं हात करतो. बराबर माहीत होतं ते अण्णांना. मशीन दिवसभर उभं राहून परत गेलं. तू लहानपणी त्यांच्यासंगं ओढ्यात खेकडे धरायला जायचीस. तेवढं वळण लिहून पाठव, बाकी माझ्याशी बोलू नको.

मच्छिंद्र


पिंपळगाव रेणुकाई
१३ जून २०२४

ती. दादास सा. न.

तीनदा कागद घेऊन बसले. खिंडीतलं उंबर आठवतं, खडक आठवतो. तुझे दाजी म्हणाले, डोळे मिटून चालून बघ. तसंही केलं, पण गायरानाच्या पुढं काही दिसत नाही. लग्नानंतर मी एसटीनंच आले-गेले. आणि त्याआधी अण्णांचं बोट धरलेलं असायचं, त्यामुळे ओढा कुठं वळतो ते मी कधी बघितलंच नाही.

लोभ असावा असं आज लिहवत नाही.

तुझी,
दैवशाला