सगळं तसंच ठेवा

प्रिय ठकू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. सुईणबाई चांगल्या भेटल्या म्हणून बाळंतपण घरीच करायचं ठरवलंयस, हे कळलं. जावईबापूंनी आतापासूनच पाणी तापवायची दोन मोठी पातेली आणून ठेवली, हे वाचून हसू आलं. अशा वेळी पुरुषाच्या हाताला काहीतरी काम लागतं. तुझ्या वेळी मी माझ्या हाताला कोणतं काम दिलं, ते तुला कधी सांगितलं नाही.

इकडे सगळं ठीक. धुलाई कारखान्यात नवीन यंत्र आलंय, तरी डाग काढायचं टेबल अजून माझ्याकडेच आहे. मुकादम पोरांना सांगतो, "काकांच्या हातून सुटला तर तो डाग नव्हे, कापडाचा रंगच समजा." पोरं हसतात. मीही हसतो. तू झालीस तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि या हाताचा मला फार गर्व होता.

तू उजाडता उजाडता झालीस. वीज गेलेली होती. मागच्या खोलीत, लोखंडी खाटेवर, कंदिलाच्या उजेडात तेव्हाच्या सुईणबाईंनी सगळं केलं. तुझ्यामागून वार पडली ती घमेल्यात घेऊन त्यांनी कंदिलापुढे उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "दिवसाउजेडी नीट बघायला हवी." तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून बोलावणं आलं, तिथली बाई अडली होती. जाताना उंबऱ्यावर थांबून त्यांनी मला बजावलं, "घमेलं हलवू नका. कपडे धुऊ नका. सगळं तसंच ठेवा, मला येऊन बघायचंय." मी मान डोलावली.

तुझी आत्या तुला पुसून, गुंडाळून पुढच्या खोलीत बसली होती. ती आत डोकावली आणि नाकाला पदर लावला. "अरे, हे घर आहे का खाटीकखाना? आता शेजारपाजार बघायला येईल. जगाचे डाग काढतोस, बायकोचे काढायला हात झडले का तुझे?" मग तुझ्या आईकडे वळून, "आम्हीही बाळंत झालो बाई, पण असा राडा नाही घातला." तुझी आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "चुकलं माझं, वन्सं." रक्त गेलं म्हणून ती माफी मागत होती. मी बहिणीला गप्प करायला हवं होतं. मी बादली भरायला घेतली.

रक्ताला थंड पाणी लागतं. गरम घातलं की डाग कायमचा बसतो. आधी नुसतं पाणी, मग मीठ, मग साबण, मग ऊन. फरशीच्या सांध्यांतून मी जुना दात घासायचा ब्रश फिरवला. खाटेचे पाय पुसले. घमेल्यातलं कागदात गुंडाळून मागच्या मोकळ्या जागेत पुरून आलो आणि घमेलं राखेने घासलं. खरं सांगू, मला त्या कामात सुख वाटत होतं. रात्रभर दाराबाहेर नुसता उभा होतो, कुणाच्या उपयोगाचा नव्हतो. आता खोली माझ्या हाताखाली उजळत होती. अंगाखालचं फडकं भिजलं की तुझी आई मला हाक मारायची, अगदी हळू, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मी तिला कोरडं द्यायचो आणि भिजलेलं लगेच पाण्यात. अशी अकरा फडकी झाली. तारेवर बगळ्यासारखी पांढरी. एकदा तिने प्यायला पाणी मागितलं. मी गुडघ्यांवर बसून खाटेखालचा कोपरा घासत होतो. म्हणालो, "थांब गं, एवढा कोपरा होऊ दे." ती थांबली. कोपरा झाल्यावर पाणी घेऊन गेलो, तर तिचा डोळा लागला होता. उठवायला नको म्हणून तांब्या उशाशी ठेवला.

दुपारी सुईणबाई आल्या आणि दारातच थबकल्या. घमेलं कुठंय? घासून ठेवलं. आणि त्यातलं? पुरलं. कपडे? धुतले. किती भिजले होते? त्यांच्या मागे तुझी आत्या तुला खांद्यावर घेऊन उभी होती. अकरा म्हटलं असतं तर तिने तुझ्या आईला जन्मभर ऐकवलं असतं. मी म्हणालो, "दोन. फार तर तीन." बाईंनी तुझ्या आईची नाडी बघितली, पापणी ओढून बघितली. नाडी फार पळतेय म्हणाल्या. पण चादर कोरडी होती, फरशी लख्ख होती आणि नवरा ठामपणे दोन म्हणत होता. पलीकडची बाई अजून मोकळी झाली नव्हती. संध्याकाळी पुन्हा येते, असं सांगून त्या गेल्या.

त्या आल्या तेव्हा तुझी आई गेलेली होती. बाई मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि तारेवरची फडकी बोट लावून मोजली. मग मला एकट्याला म्हणाल्या, "वारेचा तुकडा आत राहिला असणार. मला बघायला मिळाली असती तर कळलं असतं." एवढंच. त्यांनी माझ्या श्रीमुखात द्यायला हवी होती. त्यांनी पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

आत्याने मात्र कारण शोधून काढलं: "आईला खाऊन आली कार्टी." बारशाआधीच तुला हे नाव मिळालं. तुला आठवत नसेल, सहाव्या वाढदिवसाला तू ताटावरून उठलीस. का, विचारलं तर म्हणालीस, "आज मी नाही खात, बाबा. त्या दिवशी खूप खाल्लं ना." आत्या फिसकन हसली. मी तुझं ताट उचललं, मोरीत नेलं आणि घासून ठेवलं.

आत्या जाऊन दोन वर्षं झाली, तिच्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही. ती बोलायची ते खोटं आहे हे तिला माहीत नव्हतं. मला होतं. रोज सकाळी देवापुढे हात जोडतो, पण याबद्दल त्याच्याकडे क्षमा मागायला जीभ रेटत नाही. आधी तुझी मागायला हवी; तुला ओलांडून देवाकडे जायचं तरी कसं?

तुझ्या पत्राचा शेवट मी वाचला, आणि पुन्हा वाचवेना. तुला काही झालं तर बाळाला कुणी तसलं बोलणार नाही, अशी शपथ तू जावईबापूंना घातलीस. आणि मला विचारलंस, "बाबा, मी यातून वाचले तर आईचं माझ्याकडून फिटेल का?" म्हणून हे लिहिलं. ठकू, तुझ्याकडून फिटायचं काही नाही. तू एक हात लांबीचं पोर होतीस, पुढच्या खोलीत झोपलेली. तिला मी घालवलं. पंचवीस वर्षं तुझ्या पाठीवर होतं ते माझं होतं, आणि ते तू वाहतेस हे मी रोज बघत होतो. हे पत्र तुझ्या सुईणबाईंना वाचायला दे, आणि त्या हो म्हणेपर्यंत घरातला एक थेंबही कुणाला पुसू देऊ नकोस. मागाहून आवराआवरीला तू मलाच बोलावलं आहेस. मी सुट्टी टाकली आहे, पिशवीही भरली आहे, पण तुझं दुसरं पत्र आल्याशिवाय निघणार नाही. ते नाही आलं तर वाईट वाटेल, आणि ते वाटायलाच हवं.

तुझाच, पण तुझ्या बाजूने कधीच न बोललेला,
बाबा