निरगुडीच्या गोळ्यांचे वाटे

चि. धनराजले थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

तुही तब्येत कशी आहे ते विचारत नाई, विचारलं की तू पोटापासून सुरू करतं आन् पत्र संपेपर्यंत पोटातच राह्यतं. बरी असन असं धरून चालतो आपण. सिंदेवाहीकडे धानाचं चुरणं, मळणी आटपली असन. माहं म्हणशीन तर तोंड चालते, गुडघे चालत नाई.

त्या गुडघ्यायचंच सांगाले बसली. आमच्या गावात साधना नावाची एक मॅडम आली. मोठ्या कॉलेजात शिकते (त्या वयात आपल्या घरच्या बायायले नातू झाले होते, पण ते जाऊ दे). तिले संशोधन करायचं होतं. कशावर? निरगुडीवर! आपण कुंपणाले लावतो, बकरी तोंड लावत नाई, गुडघा सुजला की पाला गरम करून बांधतो, तीच. मी म्हणलं, बाई, गुण येते हे तर समद्यायले ठाऊक आहे, मग तू शोधून काय राह्यली? ती म्हणे, गुण येते का नाई, तेच पाह्यचं आहे आजी. मी म्हणलं, पाह्य. इथवर माहं डोस्कं ठिकाणावर होतं.

मग तिनं गुडघेदुखीच्या बायायले समाजमंदिरात बसवलं आन् एकेकीले गोळ्यायची डबी दिली. देतानाच सांगतलं का अर्ध्या डब्यायमधी निरगुडी आहे आन् अर्ध्यायमधी नुसतं पीठ. दिसाले सारख्याच. मी विचारलं, पिठाची कोणाले दिली? ती म्हणे, मलेबी माहीत नाई. मग कोणाले माहीत? तर म्हणे, नागपुरातल्या कॉम्प्युटरले. आता सांग धनराज, दुखते इथी आन् ठाऊक नागपूरले! बरं, मॅडम पोरगी गुणाची. कोणाले फसवत नव्हती, उलट फसवणार आहो असं आधीच सांगून राह्यली होती. असं फसवणं मी तरी आजवर पाह्यलं नाई.

ती गेली आन् बायायत कुजबुज सुरू झाली. शेजारची मंगली (जिची जीभ माह्याहून लांब, असं लोकं म्हणतात, मी नाई म्हणत) म्हणे, बुढे, तुह्यासंग मॅडम जास्त बोलत होती, तुहीच डबी असली निरगुडीची. मी म्हणलं, तुहे दात पडले, तुलेच पीठ दिलं असन, चावाले सोपं. भांडण पार विहिरीपर्यंत गेलं. शेवटी विहिरीवर पाणी भरणारी कमला बोलली ते मात्र खरं होतं. गावतळ्यातली, बोडीतली मासोळी काढली तर आपण काय करतो? मोठी, लहान, काटेरी, समदी एका जागी टाकतो आन् वाटे घालतो. मग गोळ्यायचं काऊन वेगळं? झालं, समद्या डब्या एका सुपात ओतल्या, पाखडल्या आन् सारखे वाटे घातले. कमलाच्या घरी गुडघा कोणाचाच दुखत नाई, तरी तिचाबी वाटा काढला. घर सोडून वाटा घालाची आपल्याकडे रीत नाई.

आन् गुण आला, धनराज! मी चूल सोडून नदीवर गेली. मंगली तर लग्नात नाचली (पाह्यवत नव्हतं). मॅडम परत आली, तिनं समद्यायले चालवलं, खुर्चीवरून उठवलं, बसवलं. समद्याच बऱ्या! पोरगी हरखली. तेवढ्यात मंगलीनं फुशारकी मारली का मॅडम, आमच्या गावात कोणावर अन्याय झाला नाई, आम्ही गोळ्या मिसळून वाटल्या.

मॅडम खालीच बसली. पाणी पाजलं. मग म्हणे, आजी, आता काहीच कळणार नाई. मी म्हणलं, अवो, गुडघा बरा झाला हे कळून राह्यलं ना? ती म्हणे, पण कशानं झाला? मी म्हणलं, मी कुठी विचारलं, कशानं झाला? तिच्या डोळ्यात पाणी आलं, आन् माह्या डोस्क्यात धुकं. बरं व्हाले आलेल्या बायका बऱ्या झाल्या, तर औषधवाली रडते! उरलेल्या गोळ्या तिनं गोळा करून नेल्या.

तवापासून गुडघा पुन्हा धरला. आता मोहाची फुलं पडाले लागन. डोंगरीखालचं मोहाचं झाड माह्या सासऱ्यापासूनचं, पण गावाची रीत तुले ठाऊक आहे, जो झाडाखाली झाडून काढन, मोह त्याचा. मंगली काल म्हणे, बुढे, तू बस निवांत, तुह्या झाडाची काळजी सोड. हातात नवा खराटा होता तिच्या.

सूनबाईले विचारलं म्हणून सांग.

तुही बहीण,
इंदुताई

ता. क. मॅडम आता तुह्या गावात नव्यानं सुरू करणार आहे. तिले असे लोकं पाह्यजेत का जे कोणाले काही देत नाई. मी तुहं नाव सांगतलं. जरा लंगडत जा, डबी घे आन् न खाता एसटीवाल्या प्रफुलसंग मोह पडाच्या आधी पाठव.

ता. क. दुसरं : कुंपणाची निरगुडी बांध म्हणशीन, तर बांधून पाह्यली. तिच्यात पीठ नाई. म्हणून तुही एकट्याची डबी पाठवू नको, शेजाऱ्यायच्याबी घे आन् नीट मिसळून पाठव.